रिटेन्ड ऑस्टेनाइट किती, यापेक्षा ते कधी बदलतं हे पाहा

विचारलेलं थोडक्यात असं: २०एमएनसीआर५ (मँगनीज-क्रोमियमचं केस हार्डनिंग स्टील) चे पिनियन, म्हणजे छोटे गीअर, गॅस कार्ब्युरायझिंग करून (पृष्ठभागात कार्बन मुरवून) ऑइलमध्ये क्वेंच (झटकन थंड) आणि १७० अंशांना टेम्पर (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा सौम्य तापवून) केलेले. पृष्ठभागावर हार्डनेस ५७ एचआरसी (रॉकवेल सी), एक्स-रेवर रिटेन्ड ऑस्टेनाइट, म्हणजे क्वेंचनंतरही कडक मार्टेन्साइटमध्ये न बदलता उरलेला मऊ भाग, ३२ टक्के, ड्रॉइंगवर मर्यादा २५ टक्के. हीट ट्रीटमेंट करणाऱ्याचं म्हणणं, ऑस्टेनाइट मऊ असतं, दात उलट चिवट होतील. ग्राहकाचं म्हणणं, सबझिरो, म्हणजे शून्याच्या बरंच खाली थंड, करून द्या. तिसरी शंकाही रास्त आहे: मोटारीच्या बॉडीला लागणाऱ्या ट्रिप स्टीलच्या (ताणताना ऑस्टेनाइट बदलून कडक होत जाणाऱ्या) पत्र्यात हेच ऑस्टेनाइट मुद्दाम राखतात, त्यानेच तो पत्रा जास्त ताणला जातो, मग गीअरमध्ये तो दोष कसा?

टक्केवारी ही अर्धीच माहिती आहे. ते ऑस्टेनाइट किती स्ट्रेनला आणि कोणत्या तापमानाला मार्टेन्साइटमध्ये बदलेल, आणि बदलून तयार झालेलं मार्टेन्साइट किती ठिसूळ असेल, यावर तन्यता, थकवा आणि साइज सगळं ठरतं. दहा टक्के ऑस्टेनाइट एका पत्र्याला उत्तम ताणू देतं आणि तेच दहा टक्के एखाद्या प्लग गेजला (भोकाचं माप तपासण्याच्या साधनाला) निकामी करतं.

आधी हे ऑस्टेनाइट उरतं किती ते मोजू. साध्या हार्डनिंगमध्ये मार्टेन्साइट वेळेवर नाही, तापमानावर वाढतं. एमएस, म्हणजे मार्टेन्साइट सुरू होण्याच्या तापमानाला ते सुरू होतं आणि जॉब जितका खाली थंड कराल तितकं पुढे जातं. कोइस्टिनेन आणि मारबर्गर यांचं १९५९चं सूत्र आजही कामाचं आहे: उरलेलं ऑस्टेनाइट = ई चा घात [−०.०११ × (एमएस − शेवटचं तापमान)]. एमएससाठी अँड्र्यूजचं सूत्र घ्या: ५३९ − ४२३×कार्बन − ३०.४×मँगनीज − १७.७×निकेल − १२.१×क्रोमियम − ७.५×मॉलिब्डेनम, सगळे वजनी टक्के, उत्तर अंश सेल्सिअसमध्ये. हे सूत्र मुख्यतः ०.६ टक्क्यांपर्यंतच्या कार्बनसाठी आहे. त्यामुळे केससाठी (कार्बन मुरलेल्या वरच्या थरासाठी) वापरताना आकडा तुलनेपुरता घ्यावा, लॅब रिपोर्टच्या जागी ठेवू नये.

मँगनीज १.२५ आणि क्रोमियम १.१५ धरा. गाभ्यात कार्बन ०.२०, म्हणजे एमएस साधारण ४०२ अंश, आणि ३० अंशांपर्यंत थंड केल्यावर ऑस्टेनाइट दोन टक्क्यांच्या आत. पृष्ठभागावर ०.७० कार्बन असेल तर एमएस १९१ आणि ऑस्टेनाइट १७ टक्के. ०.८० ला एमएस १४९, ऑस्टेनाइट २७ टक्के. ०.९० ला एमएस १०६, ऑस्टेनाइट ४३ टक्के. कार्बन ०.१० ने इकडचा तिकडे झाला की दहा ते सोळा टक्क्यांचा फरक पडतो. कार्बन पोटेन्शियलचा (भट्टीच्या वातावरणाच्या कार्बन देण्याच्या क्षमतेचा) प्रोब थोडा चुकीचा वाचत असला तरी लॉट का नापास होतो, ते यातून कळेल.

आता तुमचे ३२ टक्के. हा आकडा दोन वेगळ्या वाटांनी येतो. पृष्ठभागावर ०.८४ कार्बन आणि शेवटचं तापमान ३० अंश, हिशेबाने ३२-३३ टक्के. किंवा कार्बन बरोबर ०.८०, पण जॉब ४५ अंशांवरच थांबला आणि तसाच टेम्परिंगला गेला, तरीही ३२ टक्के. पहिल्या वाटेत भट्टीचं वातावरण दुरुस्त करायचं, दुसऱ्यात वॉशिंग मशीनचं गरम पाणी आणि टेम्परिंगची घाई. मे महिन्यात शॉपफ्लोअरवर ४२ अंश असतात, जानेवारीच्या पहाटे १५. त्याच ०.८० कार्बनला हिशेबाने उन्हाळ्यात ३१ टक्के, हिवाळ्यात २३. उन्हाळ्यात नापास आणि थंडीत पास होणारी प्रोसेस अशी असते, आणि त्यासाठी स्टीलच्या मिलला दोष देण्यात अर्थ नाही. क्वेंच ऑइल ६० ते ८० अंशांचं, त्यातून निघालेली बास्केट ६५ अंशांच्या पाण्यात धुतली, तिथून सरळ टेम्परिंगला. असं असेल तर हिशेब चाळीसच्या आसपास जातो. बास्केट मधल्या तापमानाला तास-दोन तास उभी राहिली तर ऑस्टेनाइट स्थिरावतं आणि नंतर थंड करूनही पूर्ण खाली येत नाही. म्हणून धुतल्यानंतर पंख्याखाली किंवा थंड पाण्याच्या टाकीत जॉबचा गाभा ३० अंशांच्या आसपास आणायचा. तापमान हाताने न पाहता कॉन्टॅक्ट थर्मामीटरने पाहायचं आणि मगच टेम्पर करायचं.

हे ऑस्टेनाइट भाराखाली कसं वागतं, हा मूळ मुद्दा. त्याची स्फटिकरचना एफसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मध्यावर अणू) आहे, अणूंच्या थरांना घसरण्याचे बारा मार्ग मोकळे असतात. मार्टेन्साइट बीसीटी (मध्यात अणू असलेली, एका दिशेला लांबलेली रचना), कार्बनने ताणलेलं आणि डिसलोकेशनने (रचनेतल्या रेषेसारख्या दोषांनी) गच्च. त्यामुळे मिश्र रचनेवर भार आला की आधी ऑस्टेनाइट वाकतं, म्हणजे स्टीलची स्थितिस्थापक मर्यादा खाली येते. एचआरसी एकदोन अंकांनीच कमी दिसते, पण अगदी बारीक कायमची विकृती बऱ्याच कमी स्ट्रेसला सुरू झालेली असते. स्प्रिंग, गेज, बॉल स्क्रू आणि बेअरिंगला नेमकं हेच बाधतं. आयएसओ ७६ मध्ये बॉल बेअरिंगची स्थिर भारक्षमता ४२०० मेगापास्कल संपर्क-स्ट्रेसवर बेतलेली आहे. तिथे बॉल आणि रेसवेची (बॉल धावतो त्या वाटेची) मिळून कायमची विकृती बॉलच्या व्यासाच्या सुमारे ०.०००१ पट होते, आणि तेवढीच चालवून घेता येते. रेसवेत ऑस्टेनाइट जास्त असेल तर हा खड्डा आधीच पडतो.

त्यानंतरचा टप्पा जास्त महत्त्वाचा. स्ट्रेस किंवा स्ट्रेनमुळे ऑस्टेनाइट मार्टेन्साइटमध्ये बदलू लागतं. बदलताना आकारमान सुमारे चार टक्क्यांनी वाढतं आणि त्या जागी कडक पदार्थ येतो. म्हणजे जिथे स्टील वाकलं, तिथेच ते कडक होतं. ओढताना पट्टी सगळीकडे सारखी लांबत राहते ती तोवरच, जोवर वर्क हार्डनिंगचा दर त्या क्षणीच्या खऱ्या स्ट्रेसपेक्षा जास्त आहे. दर खाली गेला की एका जागी नेकिंग होतं, म्हणजे पट्टी तिथेच बारीक होते, आणि पुढची लांबी त्या छोट्या भागातच वाया जाते. ऑस्टेनाइट नेकिंगच्या आधी थोडं थोडं बदलत राहिलं तर हा दर टिकतो आणि सारखी लांबण्याची मजल वाढते. ऑस्टेनाइट मऊ आहे म्हणून तन्यता वाढते, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. तन्यता वाढते ती ते योग्य वेळी कडक होतं म्हणून.

हा परिणाम १९६७ साली बर्कलीच्या झॅके आणि पार्कर यांच्या गटाने मांडला. ती स्टील महागडी, भरपूर क्रोमियम-निकेलची होती. आज प्रेसशॉपला जो ट्रिप पत्रा येतो तो साधा असतो: कार्बन ०.२ च्या आसपास, मँगनीज दीड ते दोन, सिलिकॉन साधारण दीड, किंवा त्याऐवजी काही प्रमाणात अॅल्युमिनियम. फेराइट (लोखंडाचं मऊ रूप) आणि ऑस्टेनाइट दोन्ही असतील अशा तापमानाला, साधारण ७८० ते ८२० अंशांना तापवायचं, मग ४०० च्या आसपास काही मिनिटं धरून बेनाइट (मार्टेन्साइटपेक्षा कमी कडक, बारीक रचना) होऊ द्यायचं. सिलिकॉन सिमेंटाइट (लोखंडाचं कार्बाइड) बनू देत नाही, म्हणून बेनाइटमधून बाहेर पडणारा कार्बन उरलेल्या ऑस्टेनाइटमध्ये साठतो. स्टीलमध्ये कार्बन ०.२ असला तरी त्या ऑस्टेनाइटमध्ये तो एक टक्क्याच्या आसपास पोचतो, एमएस खोलीच्या तापमानाखाली जातो आणि ५ ते १५ टक्के ऑस्टेनाइट टिकतं.

ते चांगलं की वाईट, हे स्थिरतेवर. कार्बन कमी असेल तर पहिल्या दोन-चार टक्के स्ट्रेनमध्येच सगळं बदलतं, वर्क हार्डनिंग सुरुवातीलाच संपतं आणि नेकिंगच्या वेळी हाती काही उरत नाही. उलट फार स्थिर असेल तर तुटेपर्यंत बदलतच नाही. कार्बनइतकाच आकारही महत्त्वाचा. मार्टेन्साइटच्या लॅथमधल्या (पट्टीसारख्या बारीक स्फटिकांमधल्या) पातळ थरांच्या रूपातलं ऑस्टेनाइट बरंच स्थिर असतं, कारण थर पातळ असल्याने मार्टेन्साइट सुरू होण्याच्या जागा कमी मिळतात आणि भोवतालचा कडक भाग त्याला फुगू देत नाही. मोठ्या ठोकळ्यासारखी बेटं मात्र चटकन बदलतात आणि त्या जागी एक टक्का कार्बनचं, टेम्पर न झालेलं, काचेसारखं मार्टेन्साइट उभं राहतं. क्रॅक तिथूनच निघतो. दोन पत्र्यांत एक्स-रेवर सारखेच १२ टक्के असू शकतात आणि लांबण्याची मजल एकाची दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते.

तापमानही जोडून पाहायला हवं. एमडी नावाचं एक तापमान असतं, ज्याच्या वर कितीही स्ट्रेन दिला तरी रूपांतर होत नाही. ट्रिप पत्र्याची लांबण्याची मजल अनेकदा खोलीच्या तापमानापेक्षा थोडं वर, ५० ते १०० अंशांच्या पट्ट्यात सर्वाधिक मिळते, कारण तिथे रूपांतर हळूहळू होतं. त्याहून गरम झालं की ट्रिपचा फायदाच जातो. जलद स्ट्रोकमध्ये पत्रा स्वतःच तापतो आणि ऑस्टेनाइट नको तितकं स्थिर होतं. म्हणून टेन्साइल मशीनवर संथ ओढून मिळालेला आकडा प्रेसवर तसाच मिळेलच असं नाही. भाराचा प्रकारही मोजावा: ओढणारा भार रूपांतराला सर्वात जास्त मदत करतो, एकदिश दाब कमी, आणि सर्व बाजूंनी दाब आला तर रूपांतर अडतं, कारण बदल म्हणजे फुगणं. स्ट्रेच होणारा कोपरा आणि ड्रॉ होणारी फ्लँज एकाच पार्टमध्ये म्हणूनच वेगळं वागतात.

ट्रिप पत्र्यातला सर्वाधिक त्रास देणारा दोष म्हणजे पंच केलेल्या भोकाची कड फाटणं. टेन्साइलला २५ टक्के लांबणारा पत्रा भोकाची कॉलर उचलताना लवकर फाटतो आणि सगळे चक्रावतात. पंचिंगमध्ये कडेच्या पट्टीत प्रचंड स्ट्रेन येतो, तिथलं ऑस्टेनाइट आधीच बदलून गेलेलं असतं, कड ठिसूळ मार्टेन्साइटने भरलेली असते. पुढच्या ऑपरेशनला तिथे तन्यता शिल्लकच नसते. उपाय म्हणजे पंच-डाय क्लिअरन्स तपासणं, धार ताजी ठेवणं, बर असलेली बाजू ताणाच्या बाहेरच्या बाजूला येऊ न देणं, आणि मोजक्या भोकांना रीमर मारणं. खोल ड्रॉ केलेले कप काही तासांनी किंवा दिवसांनी आपोआप कडेला फुटत असतील तर हायड्रोजनचा विचार करा. नव्याने बनलेलं जास्त कार्बनचं मार्टेन्साइट हायड्रोजनला फार हळवं असतं.

गीअरकडे. ट्रिपचा हिशेब तसाच्या तसा इथे लावता येत नाही. केसमधलं मार्टेन्साइट ०.८ कार्बनचं आहे, त्याची टेन्साइल तन्यता जवळजवळ शून्य. तीस टक्के ऑस्टेनाइट टाकून ती पत्र्यासारखी होत नाही. इथे फायदा वेगळ्या जागी मिळतो. दाताच्या फ्लँकवर (दुसऱ्या दाताला टेकणाऱ्या बाजूवर) स्थानिक भार जास्त आला की ऑस्टेनाइट थोडं वाकतं, भार शेजारी पसरतो, मग ते बदलतं, फुगतं आणि पृष्ठभागावर दाबाचा अवशिष्ट स्ट्रेस वाढतो. ऑइलमध्ये घाण असलेल्या बेअरिंगमध्येही असंच: कण दबून पडलेल्या खड्ड्याची कड ऑस्टेनाइटमुळे बोथट होते, कडेचा स्ट्रेस उतरतो, आयुष्य वाढतं. अशा कामासाठीच काही कार्ब्युराइझ्ड बेअरिंगमध्ये मुद्दाम २५ ते ३५ टक्के राखतात. मोठ्या स्ट्रेनच्या, थोड्या सायकलच्या थकव्यात ऑस्टेनाइट उपयोगी पडतं. कमी स्ट्रेनच्या, लाखो सायकलच्या वाकण्याच्या थकव्यात मात्र ताकद आणि दाबाचा अवशिष्ट स्ट्रेस महत्त्वाचे, तिथे जास्तीचं ऑस्टेनाइट नुकसान करतं. तीस-पस्तीसच्या पुढे घासून ओरखडे पडण्याचा आणि स्कफिंगचा धोका वाढतो. ग्राइंडिंगलाही जड जातं: चाकाच्या उष्णतेने आणि दाबाने वरच्या थरात बदल होतो, टेम्पर न झालेलं मार्टेन्साइट बनतं आणि बारीक जाळीसारखे क्रॅक येतात. अशा लॉटला ग्राइंडिंगनंतर नायटल एच तपासणी (ग्राइंडिंगने भाजलेल्या जागा दाखवणारी आम्लाची तपासणी) टाळू नका.

तेव्हा तुमच्या पिनियनचं काय? पहिल्यांदा ५७ एचआरसीचं कारण नक्की करा, कारण मऊ पृष्ठभाग ऑस्टेनाइटनेच होतो असं नाही. डिकार्ब (पृष्ठभागातला कार्बन निघून जाणं) आणि कडेच्या ऑक्सिडेशनमुळे झालेला मार्टेन्साइट नसलेला थर यांनीही हाच आकडा येतो. मायक्रोहार्डनेस ०.०५, ०.१, ०.२, ०.३, ०.५ मिलिमीटरवर घ्या. ऑस्टेनाइट असेल तर हार्डनेस पृष्ठभागाकडून आत जाताना साधारण ०.२ ते ०.४ पर्यंत हळूहळू चढते. कडेचं ऑक्सिडेशन असेल तर घसरण पहिल्या २०-३० मायक्रॉनपुरतीच असते. एक सोपी, खात्रीची चाचणी: लॉटचा एक तुकडा लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवा, परत खोलीच्या तापमानाला आणा आणि मोजा. हार्डनेस वाढली तर कारण ऑस्टेनाइट. अजिबात हलली नाही तर डिकार्बकडे पाहा. टेम्पर झालेल्या तुकड्यात वाढ कमी दिसेल, पण दिसेल.

तुमचे जॉब टेम्पर झालेले आहेत, हे इथे निर्णायक आहे. सबझिरोचा खरा उपयोग क्वेंचनंतर लगेच, शक्यतो तासाच्या आत, टेम्परिंगच्या आधी होतो. क्रमाने करायचं तर जॉब आधी खोलीच्या तापमानाला, मग सावकाश −७५ ते −८५ अंश, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक तास, मग हवेत परत खोलीच्या तापमानाला, आणि विलंब न करता १६० ते १८० अंशांना टेम्पर. असं केलं तर ०.८० कार्बनला −८० वर सूत्राने ८ टक्के उरतात. १७० ला टेम्पर होऊन पडून राहिलेल्या लॉटला तेवढा उतार मिळत नाही. आणि मिळाला तरी दाताच्या मुळाशी किंमत मोजावी लागते: सबझिरोमध्ये ऑस्टेनाइटच्या बेटाभोवती स्थानिक ओढीचा स्ट्रेस तयार होतो, जाड प्लेटच्या मार्टेन्साइटमध्ये मायक्रोक्रॅक वाढतात, वाकण्याच्या थकव्याची मर्यादा उतरू शकते. मूळ-वाकण्यावर ठरणाऱ्या गीअरला केवळ कागदावरचा आकडा जुळवण्यासाठी सबझिरो करायला माझा विरोध आहे.

आकडा २७-२८ असता तर मी ग्राहकाला मायक्रोस्ट्रक्चर आणि हार्डनेस ट्रॅव्हर्स (खोलीनुसार हार्डनेस) दाखवून कन्सेशन मागा म्हटलं असतं. मोजणीतच दोन-तीन टक्क्यांची अनिश्चितता असते. ३२ आणि सोबत ५७ एचआरसी, म्हणजे दुरुस्ती हवी. आकार सांभाळता येत असेल आणि फ्लँकवर ग्राइंडिंग अलाउन्स असेल तर ०.७५ ते ०.८० कार्बन पोटेन्शियलमध्ये ८२० ते ८३० अंशांना पुन्हा तापवून, अर्धा-पाऊण तास धरून क्वेंच करा. डिस्टॉर्शन पुन्हा येईल, रनआउट (फिरताना जॉब किती डगमगतो ते) आधी-नंतर नोंदवा. ते शक्य नसेल तर शॉट पीनिंगचा (पृष्ठभागावर बारीक गोळ्यांचा मारा) विचार करा. पीनिंगने वरच्या थरातलं ऑस्टेनाइट बदलतं आणि सोबत दाबाचा स्ट्रेस येतो, पण ते ग्राहकाच्या संमतीनेच.

पुढच्या लॉटसाठी ९२० ते ९३० अंशांना कार्ब्युरायझिंग, कार्बन पोटेन्शियल बूस्टला (कार्बन भरण्याच्या टप्प्यात) १.० ते १.०५, डिफ्यूजनला (तो आत पसरण्याच्या टप्प्यात) ०.७५ ते ०.८०. मग भट्टी ८३० ते ८४० पर्यंत उतरवून २० ते ३० मिनिटं तापमान सारखं होऊ द्या आणि क्वेंच करा. डिफ्यूजनचा वेळ कापून उत्पादन वाढवणं हे जास्त ऑस्टेनाइटचं सर्वात नेहमीचं कारण आहे. दर आठवड्याला शिम स्टॉकने (भट्टीत ठेवलेल्या पातळ पट्टीने) कार्बन तपासा आणि प्रोबच्या आकड्याशी ताडा. शेवटी अमोनिया सोडत असाल, म्हणजे कार्बोनायट्रायडिंग करत असाल, तर लक्षात ठेवा की नायट्रोजनही ऑस्टेनाइट स्थिर करतो.

साइज बदलणं हा याच प्रश्नाचा दुसरा पैलू. चार टक्के आकारमान म्हणजे लांबीत सुमारे १.३ टक्के. म्हणून एक टक्का ऑस्टेनाइट बदललं की १०० मिलिमीटरला साधारण १३ मायक्रॉन वाढ. मार्टेन्साइट टेम्पर होताना आकुंचन पावतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा यांची वजाबाकी असतो. पण इंटरफिअरन्स फिट किंवा गेजसाठी १३ मायक्रॉन खूप झाले. १५० अंशांवर चालणाऱ्या बेअरिंगच्या आतल्या रिंगमधलं ऑस्टेनाइट महिनोन्महिने हळूहळू बदलत राहिलं की रिंग मोठी होते आणि शाफ्टवर सैल पडते. म्हणून बेअरिंगला स्थिरीकरणाचे प्रत्यय असतात: एस० म्हणजे १५० अंशांपर्यंत साइज स्थिर, एस१ २००, एस२ २५०, एस३ ३००, एस४ ३५०. जितकं जास्त स्थिरीकरण तितकी हार्डनेस कमी. ईएन३१ (बेअरिंग स्टील) चे किंवा ओएचएनएस (ऑइलमध्ये कडक होणारं टूल स्टील) चे गेज बनवताना सबझिरो आणि टेम्परिंग आलटून पालटून करणं इथे पूर्ण योग्य आहे; गेजला वाकण्याचा थकवा सोसायचा नसतो.

डाय बनवणाऱ्यांना डी२ (जास्त कार्बन आणि क्रोमियमचं टूल स्टील) मध्ये यापेक्षा मोठा फटका बसतो. १०२० ऐवजी १०८० अंशांना ऑस्टेनिटाइझ केलं की जास्त कार्बाइड विरघळतात, एमएस खाली जातो आणि ऑस्टेनाइट खूप वाढतं. हार्डनेस ६२ च्या जागी ५८ येते आणि हार्डनर आणखी तापमान वाढवतो, म्हणजे उलट्या दिशेला जातो. डी२ मधलं ऑस्टेनाइट २०० अंशांच्या टेम्परिंगला दाद देत नाही. ५१० ते ५३० अंशांना त्यातून बारीक कार्बाइड बाहेर पडतात, एमएस वर चढतो आणि टेम्परिंगवरून थंड होताना ते मार्टेन्साइटमध्ये बदलतं. म्हणजे पहिल्या टेम्परिंगनंतर डायमध्ये ताजं, कच्चं मार्टेन्साइट असतं. ते दुसऱ्या टेम्परिंगलाच पक्कं होतं. एकदाच टेम्पर करून दिलेला पंच कडेला उडतो तो म्हणून. दोन टेम्परिंगच्या मध्ये जॉब ४० अंशांखाली आलाच पाहिजे, नाहीतर दुसरं टेम्परिंग पहिल्याचाच वाढीव वेळ ठरतं. हायस्पीड स्टीलला ५५० ते ५६० वर तीन वेळा टेम्पर करतात त्यामागेही हेच कारण आहे. वायरकट करायच्या जाड डी२ ब्लॉकला १८० चं टेम्परिंग देऊ नये. आतला स्ट्रेस आणि अस्थिर ऑस्टेनाइट एकत्र असले की वायर अर्ध्यात असताना ब्लॉक फुटतो. ५२० ला दोनदा टेम्पर करून घ्या, एकदोन पॉइंट हार्डनेस कमी चालेल.

मध्यम कार्बनच्या ईएन२४ सारख्या शाफ्ट स्टीलमध्ये ऑस्टेनाइट दोन ते पाच-सहा टक्केच असतं, तेही लॅथमधल्या पातळ थरांत. २०० अंशांपर्यंत टेम्पर केलं तर ते टिकतं आणि चिवटपणाला मदत करतं. २५० ते ४०० च्या पट्ट्यात ते मोडतं, त्या जागी लॅथच्या कडेने सिमेंटाइटचे थर बसतात आणि हार्डनेस उतरूनही चार्पीचा (आघाताच्या चाचणीतल्या चिवटपणाचा) आकडा पडतो. हा पट्टा टाळा. सिलिकॉन हा पट्टा वर ढकलतो. विमानाच्या लँडिंग गीअरचं ३००एम हे स्टील म्हणजे ४३४० मध्ये सुमारे १.६ टक्के सिलिकॉन, आणि म्हणूनच ते ३०० अंशांच्या आसपास टेम्पर करता येतं.

मोजणीबद्दल. मायक्रोस्कोपखाली दहा टक्क्यांच्या आतलं ऑस्टेनाइट भरवशाने दिसत नाही, त्यामुळे चित्र पाहून ५ टक्के लिहिलेला रिपोर्ट स्वीकारू नका. एएसटीएम ई९७५ प्रमाणे क्रोमियम नळीवर ऑस्टेनाइटची २०० आणि २२० तर मार्टेन्साइटची २०० आणि २११ शिखरं घेतात. किरण पाचेक मायक्रॉनच आत जातात. नमुना कापताना किंवा जोरात घासताना तो थर आधीच बदलला असेल तर आकडा खोटा कमी येतो. शेवटचा थर इलेक्ट्रोपॉलिशने काढायला सांगा आणि केसमध्ये किमान ०, ५०, १०० आणि २०० मायक्रॉनवर मोजा. डी२ मध्ये कार्बाइडची शिखरं ऑस्टेनाइटवर चढतात, रोल केलेल्या पत्र्यात टेक्स्चर (स्फटिकांची एका दिशेला झालेली मांडणी) आकडा फिरवतं. दोन्ही ठिकाणी एकाच जोडीच्या शिखरांवर दिलेला निकाल मानू नये.

स्थिरता पाहायची असेल तर पत्र्याच्या पट्ट्या ०, ५, १० आणि १५ टक्के ओढून प्रत्येकीतलं ऑस्टेनाइट मोजा आणि रेघ काढा. ५ टक्क्यांवरच रेघ तळाला टेकली तर पत्रा फार अस्थिर, १५ ला जागची हलली नाही तर फार स्थिर. गीअरसाठी हेच मोजमाप चालवून उतरवलेल्या दातावर करता येतं: फ्लँकच्या पिच रेषेजवळ एक आणि भार न आलेल्या जागी एक. ड्रॉइंगवर नुसता "कमाल २५ टक्के" असा शेरा लिहिण्याऐवजी खोली, मोजण्याची पद्धत आणि ती जागा लिहा, आणि सबझिरो चालेल की नाही तेही त्याच ओळीत.